युनिकॉर्नवरचा मुलगा

(दृश्य : तरणतलाव. पाण्यावर हलणारा रंगीत फुगा.)

हवा भरलेला एक युनिकॉर्न. त्यावर बसून तरंगणारा, तोंडभर हसणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. 2021 च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेदरम्यानचा हा फोटो जगभर फिरला. इंग्लंडच्या संघात नावाजलेले खेळाडू कमी नव्हते, पण सगळ्यांचा धाकटा भाऊ वाटावा असा हाच. बुकायो साका.

साका पश्चिम लंडनमधल्या ईलिंगचा. आईवडील मूळचे नायजेरियातले. सातव्या वर्षी तो लंडनच्याच आर्सेनल क्लबच्या हेल एंड अकादमीत आला. अभ्यासातही हुशार, शालान्त परीक्षेत चार विषयांत ए-स्टार आणि तीन विषयांत ए. आपल्याकडे असता तर घरच्यांनी केव्हाच क्लास लावून दिला असता!

(दृश्य : जुनी जर्सी, पाठीवर 87)

29 नोव्हेंबर 2018. कीवमध्ये व्होर्स्क्ला पोल्टावा या युक्रेनच्या क्लबविरुद्ध तो पहिल्यांदा मुख्य संघाकडून उतरला. मूळचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा. पण पुढच्या हंगामात संघातले लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचे बचावपटू, जायबंदी झाले, तेव्हा हा पठ्ठ्या तिथेही खेळला. पुढे सुसाट पळायचं सोडून मागे राहून बचाव करायचा, तेही ऐन उमेदीत. ड्रेसिंग रूममध्ये माणूस जवळचा होतो तो अशा वेळी. 2020 मध्ये पाठीवर 7 नंबर आला.

(दृश्य : वेम्बली, रात्र)

11 जुलै 2021. युरोची फायनल, समोर इटली. सामना पेनल्टीवर गेला. इंग्लंडच्या रॅशफर्डचा फटका खांबावर आदळला, सँचोचा अडवला गेला. पाचवी पेनल्टी साकाची. व्यावसायिक फुटबॉलमध्ये याआधी त्याने एकही पेनल्टी मारली नव्हती. इटलीचा गोलरक्षक डोनारुम्माने झेप घेतली आणि संपलं. साकाने चेहरा झाकून घेतला. प्रशिक्षक साउथगेटनी त्याला मिठीत घेतलं, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या रात्री फोनवर जे आलं ते ऐकवण्यासारखं नाही. तिन्ही कृष्णवर्णीय खेळाडूंवर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला.

(दृश्य : पत्रांनी भरलेली भिंत)

सुट्टी संपवून साका आर्सेनलच्या सराव केंद्रावर परतला, तर समोर एक भिंत. चाहत्यांनी पाठवलेल्या पत्रांनी भरलेली. ऑगस्टमध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर सराव सामना होता. टॉटनहॅम म्हणजे आर्सेनलचा पिढ्यान्पिढ्यांचा वैरी. तिथल्या चाहत्यांनीही साकासाठी टाळ्या वाजवल्या. उत्तर लंडनमध्ये हे घडणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं.

एप्रिल 2022 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध आर्सेनलला पेनल्टी मिळाली. चेंडू साकाने घेतला. गोल. कतारच्या विश्वचषकात त्याने तीन गोल केले. 2023 मध्ये पीएफए या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेचा सर्वोत्तम युवा खेळाडूचा मान मिळाला. हा पुरस्कार पत्रकार देत नाहीत. मैदानात ज्यांच्याशी झुंजायचं, ज्यांच्या लाथा खायच्या, तेच खेळाडू मतं टाकतात.

(दृश्य : ड्युसेलडॉर्फ, 6 जुलै 2024)

पुन्हा युरो. उपांत्यपूर्व फेरीत स्वित्झर्लंड एका गोलने पुढे. 80 व्या मिनिटाला साका उजवीकडून आत सरकतो, डाव्या पायाने फटका मारतो आणि चेंडू खांबाला लागून जाळ्यात. बरोबरी. पुन्हा पेनल्टी. पामर, बेलिंगहॅम आणि तिसरा साका.

गोल.

मध्यरेषेवर खांद्याला खांदा लावून सगळे उभे आहेत. साका त्यांच्याकडे चालू लागतो. अजून टोनी आणि अलेक्झांडर-अर्नोल्ड यांची पाळी बाकी आहे.