पॅनेलसमोरची मोकळी जागा

(एका वीजखोलीत कॅमेरा छतापासून खाली पाहतो आहे. वीजतंत्री पॅनेलसमोर, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या ब्रेकरच्या कपाटासमोर, उभा आहे.)

वीजतंत्री पॅनेलचे दार उघडतो, वीजदाब मोजणारा मल्टिमीटर हातात घेतो आणि सर्वांत खालच्या ब्रेकरची जोडणी तपासण्यासाठी एक गुडघा जमिनीवर टेकवतो. त्याचा एक पाय मागे गेला आहे, हत्यारांची पेटी उजव्या हाताशी आहे, उघडलेले दार डाव्या खांद्याला लागू नये म्हणून त्याने अंग थोडे आखडून घेतले आहे. वरून पाहताना एका माणसाच्या या साध्या हालचालीने किती फरशी व्यापली, ते दिसते. काम संपले की तो दार लावून निघून जाईल आणि ही फरशी पुन्हा रिकामी दिसू लागेल. पॅनेल ही जशी यंत्रसामग्री आहे, तशीच ही रिकामी जागाही त्या यंत्रसामग्रीचा भाग आहे, आणि म्हणूनच तिची मापे नियमांत लिहिलेली असतात.

वीजपुरवठा बंद करूनच काम करायचे असेल, तर एवढ्या जागेची गरज काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. पुरवठा बंद करून काम करणे हाच योग्य मार्ग आहे, यात शंका नाही. परंतु पुरवठा खरोखर बंद झाला आहे की नाही, हे मोजून पाहावे लागते, आणि ते मोजून होईपर्यंत आतला प्रत्येक बसबार (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी), प्रत्येक टर्मिनल (तार जोडायची जागा) जिवंत आहे, म्हणजे त्यात वीज आहे, असेच धरावे लागते. काही दोष तर पुरवठा चालू असतानाच सापडतात. म्हणजे कितीही काळजीपूर्वक शटडाउन घेतला, तरी दार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे माणूस जिवंत भागांसमोरच असतो. त्या मिनिटांसाठी ही जागा राखलेली असते.

(कॅमेरा वीजतंत्र्याच्या पाठीमागच्या काँक्रीटच्या भिंतीवर येऊन थांबतो.)

आता त्याच्या पाठीमागची ही भिंत पाहा. काँक्रीट, वीट आणि फरशी या वस्तू आपल्याला कोरड्या आणि निरुपद्रवी वाटतात, पण त्यांच्यात मुरलेल्या ओलाव्यामुळे त्या काही प्रमाणात वीज वाहून नेतात आणि जमिनीशी जोडलेल्या असतात. बोट जिवंत टर्मिनलला लागले आणि त्याच क्षणी कोपर किंवा पाठ भिंतीला टेकलेली असली, तर प्रवाहाला शरीरातून जमिनीकडे जाण्याची वाट मिळते. सुमारे 10 मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह गेला की हाताचे स्नायू आवळले जाऊन पकड सुटेनाशी होण्याचा धोका निर्माण होतो. अशा वेळी मागे भिंत असेल, तर शरीराला झटक्याने मागे फेकले जाण्यापुरतीही मोकळीक उरत नाही.

अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता 1897 साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि आता दर तीन वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते. या संहितेने पॅनेलसमोरच्या जागेची खोली, म्हणजे पॅनेलपासून समोरच्या बाजूपर्यंतचे अंतर, ठरवताना नेमका हाच विचार केला आहे. जमिनीच्या तुलनेत 151 ते 600 व्होल्ट दाब असेल, तर पॅनेलच्या समोर, म्हणजे काम करणाऱ्याच्या पाठीमागे, काय आहे यावर माप बदलते. समोरच्या बाजूला जिवंत किंवा जमिनीशी जोडलेले काहीच नसेल, तर 3 फूट खोली पुरते. समोर काँक्रीटची किंवा विटांची भिंत असेल, तर साडेतीन फूट लागतात. आणि दोन्ही बाजूंना उघडे जिवंत भाग असतील, म्हणजे माणूस दोन पॅनेलच्या मध्ये उभा राहून काम करणार असेल, तर 4 फूट लागतात. रुंदी किमान 30 इंच किंवा पॅनेलच्या रुंदीइतकी, यांपैकी जे माप मोठे ते धरायचे, आणि दार निदान 90 अंशांत उघडले पाहिजे. उंची साडेसहा फूट, किंवा पॅनेल त्याहून उंच असेल तर पॅनेलइतकी.

भारतातील नियमाची मांडणी निराळी आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी 250 व्होल्टपेक्षा जास्त दाबाच्या स्विचबोर्डसमोर (म्हणजे अशाच पॅनेलसमोर) किमान 1 मीटर मोकळी जागा सक्तीची केली, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांतही हे माप कायम राहिले. त्याच नियमात पाठीमागच्या जागेविषयी जी अट आहे, ती पहिल्या वाचनात चुकीची छापली गेली आहे की काय, असे वाटते. स्विचबोर्डच्या मागे उघड्या जोडण्या असतील, तर मागची जागा एक तर 20 सेंटिमीटरपेक्षा कमी असावी, नाही तर 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त असावी.

(स्विचबोर्डच्या मागच्या फटीत मोजपट्टी धरलेली दिसते.)

मोजपट्टी भिंतीला टेकवून सर्वांत पुढे आलेल्या जोडणीपर्यंत ओढली, की या अटीमागचे शहाणपण उलगडते. 20 सेंटिमीटरच्या फटीत माणूस शिरूच शकत नाही, त्यामुळे तिथे अपघात होण्याची शक्यता फार कमी असते. 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त जागेत तो सरळ उभा राहून, वळून काम करू शकतो. खरा धोका या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. 40 किंवा 50 सेंटिमीटरच्या बोळात माणूस आडवा होऊन, पोट आत घेऊन शिरतो, आणि मग छातीसमोर उघडा बसबार आणि पाठीशी भिंत अशा अवस्थेत अडकतो. शिरता येईल पण वावरता येणार नाही, अशी जागा ठेवूच नये, असे हा नियम सांगतो. एवढ्या थोड्या शब्दांत माणसाच्या स्वभावाचा आणि शरीराचा असा विचार केलेला नियम क्वचित वाचायला मिळतो. मागची जागा 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तिथे ये-जा करण्यासाठी स्विचबोर्डच्या दोन्ही टोकांकडून 1.8 मीटर उंचीपर्यंत मोकळी वाट असावी, हेही त्यातच नमूद आहे.

शॉकखेरीज दुसरे संकट आहे ते आर्क फ्लॅशचे. हातातला पाना निसटून दोन फेजच्या, म्हणजे दोन वेगवेगळ्या जिवंत वाहकांच्या, मध्ये पडला, तर हवेतूनच प्रवाह वाहू लागतो. त्या ठिणगीच्या मुळाशी तापमान सुमारे 20,000 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, तांब्याची वाफ होते आणि ती वाफ स्फोटासारखी बाहेर फेकली जाते. उष्णतेचा मारा अंतराबरोबर झपाट्याने कमी होत जातो, म्हणून मागे टाकलेले एकेक पाऊल मोलाचे असते.

(त्याच वीजखोलीत पॅनेलसमोर खोकी रचलेली दिसतात.)

आणि ते पाऊल मागे टाकताना टाचेला हे खोके लागते. अशी खोकी कोणी वाईट हेतूने ठेवत नाही. महिनोन्‌महिने पॅनेलचे दार उघडत नाही, जागा रिकामी दिसते, आणि मग आधी एक शिडी, नंतर झाडू, रंगाचे डबे, जुन्या फायली असे एकेक सामान तिथे येऊन बसते. अमेरिकन संहितेत या जागेचा वापर सामान ठेवण्यासाठी करू नये, असे स्पष्ट वाक्य आहे. कागदाची आणि पुठ्ठ्याची खोकी तर आगीलाच खाद्य पुरवतात. शिवाय आग लागल्यावर मेन स्विच बंद करायला धावणाऱ्या माणसाला आधी सामान हटवावे लागते, आणि त्यात जाणारे सेकंद परत मिळत नाहीत.

बाहेर पडण्याच्या वाटेचा विचारही याच जागेपासून सुरू होतो. मोठ्या क्षमतेच्या पॅनेलजवळची दारे बाहेरच्या दिशेने उघडावीत आणि त्यांना गोल मूठ नसावी, तर अंगाने ढकलताच उघडेल असा आडवा दांडा असावा, अशी तरतूद अमेरिकन संहितेत आहे. हात भाजलेल्या माणसाला मूठ फिरवता येत नाही, पण खांद्याने किंवा कमरेने दार ढकलता येते.

(वीजतंत्री पुन्हा पॅनेलसमोर एका गुडघ्यावर बसला आहे.)

त्याच संहितेतली प्रकाशाविषयीची अट अशीच बारकाईने लिहिलेली आहे. या जागेवरचे दिवे केवळ स्वयंचलित यंत्रणेवर सोडू नयेत, असे ती सांगते. हालचाल ओळखून लागणारा दिवा हालचाल थांबली की विझतो. आपला वीजतंत्री मात्र आता मल्टिमीटरची दोन्ही टोके टर्मिनलवर टेकवून, श्वास रोखून, आकडा स्थिर होण्याची वाट पाहत निश्चल बसला आहे.