यादीत लिहिलेले, भंगारात दिलेले

सकाळी साडेदहाच्या सुमारास पुण्यातील एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन स्त्रिया सुका कचरा निवडत बसल्या आहेत. दारोदार फिरून आणलेला कचरा ढकलगाडीतून जमिनीवर ओतला जातो आणि पुढच्या तासाभरात त्याचे वेगवेगळे ढीग होतात: पुठ्ठा, वर्तमानपत्र, पांढरा कागद, काच, पत्रा, पाण्याच्या बाटल्या, शाम्पूच्या जाड बाटल्या, दुधाच्या पिशव्या. प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे हे या स्त्रिया डोळ्यांनी क्वचितच ठरवतात. बोटांत चुरगाळल्यावर ते कसा आवाज करते आणि सोडल्यावर उलगडते की चुरगळलेलेच राहते, एवढ्यावरून त्यांना ते कळते. भंगारवाला प्रत्येक प्रकाराला वेगळा भाव देतो, त्यामुळे चुकीच्या ढिगात गेलेली वस्तू म्हणजे त्या दिवसाच्या कमाईतील घट असते.

सगळे निवडून झाल्यावर एक ढीग उरतो. वेफर्सची पाकिटे, बिस्किटांची वेष्टने, मसाल्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या यांचा हा ढीग दिसायला फुगलेला आणि वजनाला अगदी हलका असतो. या वेष्टनांत प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणे कोणाला परवडत नाही, म्हणून बहुतेक भंगारवाले या मालाला हातही लावत नाहीत. आपण कचऱ्यापासून सुरुवात केली ती एवढ्यासाठी, की महिनाभरात एखाद्या घरात काय काय आले होते, याचा सर्वांत प्रामाणिक हिशेब या जमिनीवर मांडलेला असतो.

पुण्यातील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ साली स्थापन झाली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या कार्यकर्त्या आणि कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांचा त्यात पुढाकार होता. तोवर या स्त्रिया रस्त्यावरच्या कचराकुंड्या उपसून विकण्याजोगे जिन्नस शोधत असत, आणि ओला व सुका कचरा तेथे एकत्रच कुजत असल्याने हाती लागणारा कागदही भिजलेला, कमी भावाचा असे. याच संघटनेतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा थेट दारातून उचलू लागली. आज या संस्थेचे तीन हजारांहून अधिक सभासद आहेत आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. कचरा कुंडीतून दारात आला, या एका बदलामुळे आणखीही काही घडले: कचरा देणारी बाई आणि घेणारी बाई रोज समोरासमोर उभ्या राहू लागल्या.

पुण्याच्या कोथरूड भागातील एका घराचे दार सकाळी आठच्या आसपास वाजते. घरात आजी आहेत, त्यांचा मुलगा आणि सून आहे, शाळेत जाणारी दोन नातवंडे आहेत. म्हणजे पुण्यात हजारोंनी सापडेल असेच हे घर आहे. सूनबाई दोन बादल्या पुढे करतात आणि त्यांच्यासोबत दोरीवर वाळवून घडी केलेल्या दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा देतात. तो हातात घेत कचरावेचक बाई म्हणतात, “वहिनी, पिशवी धुता ते बरं करता, पण तो कोपरा तेवढा तोडून टाकत जाऊ नका. अर्धवटच कापा, लोंबकळू दे.”

ही सूचना बारीक वाटली तरी तिच्यात बराच अर्थ आहे. दुधाची पिशवी चांगल्या प्रतीच्या, वितळवून पुन्हा वापरता येणाऱ्या प्लास्टिकची असते आणि स्वच्छ, कोरडी मिळाली तर ती विकली जाते. मात्र कात्रीने छाटलेला नखाएवढा त्रिकोण सिंकमध्ये, ओल्या कचऱ्यात किंवा केराबरोबर जातो आणि इतका लहान तुकडा पुन्हा वेचणे कोणालाही शक्य नसते. रोज दीड-दोन लिटर दूध घेणाऱ्या घरातून असे किती तुकडे जात असतील, हे ज्याचे त्याने मोजावे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे किमान ५० पैसे ग्राहकाला परत मिळावेत, अशी तरतूदही केली होती. कागदावर ही योजना देखणी होती, परंतु पन्नास पैशांसाठी पिशव्या साठवून दुकानात नेण्याची सवय फारशी कोणाला लागली नाही. पिशवी फुकट पण ओळखीच्या बाईच्या हातात देण्याची सवय मात्र अनेक घरांत टिकली, आणि याचे कारण पैशांपेक्षा त्या रोजच्या दोन वाक्यांत शोधावे लागेल.

आता आपण या घराच्या स्वयंपाकघरात जाऊ. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली वहीचा फाडलेला कागद आहे आणि त्यावर आजींच्या अक्षरांत वाण्याची यादी आहे: तूरडाळ दोन किलो, साखर, गूळ, शेंगदाणे, पोहे, कपड्यांचा साबण. पूर्वी ही यादी महिन्यातून एकदा होत असे आणि तिच्याही आधी, उन्हाळ्यात, वर्षाचे धान्य भरले जात असे. गहू वाळवून, निवडून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत जात. तांदळाला एरंडेल तेलाचा हात फिरवला जाई. पापड, कुरडया आणि सांडगे गच्चीवर वाळत. माल सुटा येई, कागदाच्या पुडीत किंवा घरच्या पिशवीत येई, आणि पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवला जाई. यादी एकदा वाण्याकडे गेली की महिनाभर मध्येच काही आठवले तरी चालवून घ्यावे लागे. त्या चालवून घेण्यात पुष्कळशी खरेदी आपोआप गळून पडत असे.

फोनवरून दहा-पंधरा मिनिटांत सामान घरपोच येऊ लागल्यापासून यादीचे हे काम संपले आहे. कोथिंबिरीची जुडी हवी म्हणून फोन हातात घ्यावा, किमान रकमेसाठी त्यात बिस्किटांचा पुडा आणि सरबताची बाटली घालावी, आणि आलेल्या जिन्नसांपेक्षा त्यांच्या पिशव्यांचा पसारा मोठा असावा, हा अनुभव या घरालाही नवा नाही. म्हणून सूनबाईंनी एक साधा नियम केला आहे: जे हवे आहे ते आधी फ्रिजवरच्या कागदावर लिहायचे आणि कागदावरचे सामान शनिवारीच मागवायचे. मुलांनी लिहिलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच शनिवार येईपर्यंत त्यांच्याच डोक्यातून निघून जातात. शेडमधल्या त्या फुगलेल्या ढिगावर कारखान्यातले उपाय जेव्हा निघतील तेव्हा निघोत. घरापुरता उपाय या कागदाइतका स्वस्त आहे आणि तो वस्तू दारात येण्याआधीच लागू पडतो.

अन्नाच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघराला बाहेरून शिकवण्यासारखे फार थोडे आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या सालीच्या आतील पांढऱ्या भागाचे थालीपीठ, कोथिंबिरीच्या काड्या ठेचून घातलेली आमटी, उरलेल्या पोळ्यांचा फोडणी दिलेला कुस्करा किंवा गुळातुपाचा लाडू, रात्रीच्या भाताचा सकाळचा फोडणीचा भात, हे पदार्थ काही गरिबीची लाज म्हणून खाल्ले जात नाहीत. ते मागून घेऊन खाल्ले जातात. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेल्या बेरीत साखर घालून ती कोणी खायची, यावरून या घरात आजही भांडण होते. तरीही अन्न वाया जाते, आणि ते बहुधा फ्रिजच्या मागच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, कोणाच्याही नजरेस न पडता जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के वाटा घरांचा होता. या घरात आता स्टीलच्या डब्यांऐवजी काचेचे डबे उरल्यासुरल्यासाठी वापरले जातात. त्यासाठी नवे डबे विकत आणलेले नाहीत. लोणच्याच्या आणि जॅमच्या रिकाम्या बरण्या त्या कामी लागल्या आहेत, आणि त्यांच्यात काय आहे ते झाकण न उघडता दिसते.

कपड्यांचे मात्र असे सोपे उरलेले नाही. “बोहारीण आली” अशी हाक पूर्वी गल्लीत ऐकू आली की जुन्या कपड्यांची बोचकी निघत आणि दुपारभर घासाघीस चाले: दोन पँटी आणि एका साडीवर पातेले द्यायचे की नुसती वाटी, साडीला जर आहे की नाही, कॉलर विरली आहे का. बोहारीण ते कपडे धुऊन, शिवून पुन्हा विकत असे, म्हणजे ज्या कपड्याला तुमच्या घरात किंमत उरली नव्हती त्याला दुसऱ्या कोणाच्या अंगावर किंमत होती. जे तिच्याही कामाचे नसे त्याची गोधडी होई. विरलेल्या नऊवारीच्या मऊ थरांवर धावदोऱ्याने घातलेली ही गोधडी उबदार असतेच, शिवाय ती धुता येते, उसवून पुन्हा घालता येते आणि शेवटी तिचे पायपुसणेही होते. आज कपाटात कृत्रिम धाग्यांचे, चार धुण्यांत आकार सोडणारे स्वस्त कपडे भरलेले असतात. त्यांची गोधडी होत नाही, कारण ते पाणी आणि घाम शोषत नाहीत, आणि बोहारीण त्यांना नाक मुरडते. दान म्हणून दिलेले असे कपडे घेणाऱ्यालाही नकोसे होतात, हे देणाऱ्यांनी एकदा स्पष्टपणे ऐकून घ्यायला हवे.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जुन्या घरांतील ही काटकसर आठवताना आपला सूर पटकन हळवा होतो, पण ती काटकसर पुष्कळदा टंचाईतून आलेली होती आणि तिचे सगळे कष्ट घरातील स्त्रीने उपसलेले होते. गहू निवडणे, गोधडी घालणे, राखेने भांडी घासणे यांतले काहीही आपोआप होत नव्हते. या घरातही पिशव्या धुऊन वाळत घालण्याचे काम सुरुवातीला सूनबाईंच्याच गळ्यात पडले होते. पर्यावरणाची काळजी सगळ्यांनी करायची आणि पिशव्या मात्र एकीने धुवायच्या, असे किती दिवस चालणार, असा प्रश्न त्यांनी जेवणाच्या वेळी विचारला. तेव्हापासून जो दुधाची पिशवी फोडतो तोच ती धुतो, आणि ओल्या कचऱ्याचा पिंप हे घरातील पुरुषांचे खाते झाले आहे.

हा पिंप गच्चीवर आहे. भाज्यांची देठे, फळांच्या साली आणि चहाचा चोथा त्यात पडतो आणि प्रत्येक वेळी वर सुक्या पानांचा थर दिला जातो. सुरुवातीला थोडे आंबट ताक शिंपडले की कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. वास सुटला तर ओल जास्त झाली आहे असे समजून पाने वाढवायची. अळ्या दिसल्या तर घाबरायचे नाही, कारण त्या कचरा खाऊनच मोठ्या होतात. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी त्यात घालण्यात अर्थ नसतो, त्या महिनोन्महिने जशाच्या तशा राहतात. शहराचा मिश्र कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे नेऊन टाकला गेला आणि तेथील ग्रामस्थांना दुर्गंधीविरुद्ध, दूषित झालेल्या विहिरींविरुद्ध पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली. त्या ढिगाऱ्यांना वास येत होता तो मुख्यतः घराघरांतील ओल्या कचऱ्याचा.

भाद्रपदात या घरी गणपती बसतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही, यावर पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोडगा काढला: बादलीतील पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट मिसळून त्यात मूर्ती विसर्जित केली की तिचे रूपांतर चुनखडीच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) गाळात आणि खत म्हणून वापरता येणाऱ्या अमोनियम सल्फेटच्या द्रावणात होते. महापालिकेने हे रसायन नागरिकांना मोफतही वाटले. उपाय हुशारीचा आहे, यात शंका नाही. पण शाडूची, साध्या मातीच्या रंगांची मूर्ती त्याच बादलीत नुसत्या पाण्याने विरघळते आणि ती माती कुंडीत घालता येते. अडचण इतकीच असते, की ऐन चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात बाजारात गेल्यावर हव्या त्या उंचीची शाडूची मूर्ती शिल्लक असेलच असे नाही. रायगड जिल्ह्यातील पेणच्या कारखान्यांत गणपतीचे काम जवळपास वर्षभर चालते, आणि तेथून माल उचलणारे विक्रेते शाडूच्या किती मूर्ती घ्यायच्या हे आपल्याकडे आलेल्या मागणीवरूनच ठरवतात. म्हणून या घराने आपली मूर्ती ज्येष्ठ महिन्यातच सांगून ठेवली आहे.