लाख कोटींना भागताना

मंडळी, २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाचा अंदाज होता ५०.६५ लाख कोटी रुपये. हा आकडा आपण सगळ्यांनी बातम्यांत ऐकला आणि सोडून दिला. पूर्ण लिहायचा तर चौदा अंक. दुकानातल्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर मावतसुद्धा नाही.

तरी आपण त्याला भागू. लाख म्हणजे दहाचा ५वा घात, कोटी म्हणजे ७वा. लाख कोटी हा गुणाकार, म्हणून घातांकांची बेरीज, १२. वैज्ञानिक पद्धतीत दशांशचिन्हाआधी एकच अंक ठेवायचा, तेव्हा ५०.६५चे झाले ५.०६५ आणि घातांक १३. देशाची लोकसंख्या ढोबळमानानं १४० कोटी धरा: १.४ गुणिले दहाचा ९वा घात. आता ५.०६५ला १.४नं भागलं की साधारण ३.६ येतात, आणि तेरातून नऊ गेले, चार उरले. म्हणजे माणशी वर्षाला ३६ हजार रुपये. त्याला ३६५ दिवसांनी भागा. माणशी दिवसाला शंभरेक रुपये!

आता याच अर्थसंकल्पातलं व्याज घ्या, १२.७६ लाख कोटी, म्हणजे १.२७६ आणि घातांक १३. त्याला १.४नं भागलं तर ०.९१ येतात, एकाहून कमी. अशा वेळी चिन्ह एक घर उजवीकडे सरकवायचं आणि घातांक एकनं उतरवायचा: ९.१ गुणिले दहाचा ३रा घात, माणशी वर्षाला ९,१०० रुपये. दिवसाला पंचवीस. शंभरातले पंचवीस जुन्या कर्जाच्या व्याजात जातात. ज्यांच्या पगारातून दर महिन्याला घराचा हप्ता कापला जातो, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

घरखर्चाला हा खटाटोप नको, हे मी आधीच सांगतो. चाळीस हजारांचे पाच वाटे करायला घातांक काढणारा माणूस वाण्याकडे हसं करून घेईल. पण सरकारी आकडा घरात आणायचा असेल, तर याच्याइतकी सोपी वाट मला माहीत नाही.

शिवाय यातून पडताळाही होतो. आपल्या राज्यात जून २०२४च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली: महिन्याला १,५०० रुपये आणि वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद. सरकारनं किती बायका धरल्या होत्या? ४६ हजार कोटी म्हणजे ४.६ आणि घातांक ११. एकीचे वर्षाचे १८ हजार, म्हणजे १.८ आणि घातांक ४. उत्तर २.५६ आणि घातांक ७. सातवा घात म्हणजे कोटी, तेव्हा अडीच कोटींहून थोड्या जास्त. भाषण चाळायची गरज पडली नाही.

एक सवय मात्र लावून घ्या: घातांकांची वजाबाकी आधी, अंकांचा भागाकार नंतर. लोक ४.६ भागिले १.८ तीन दशांशस्थळांपर्यंत नेतात आणि घातांकात एकनं चुकतात. दशांशात चूक झाली तर उत्तर थोडंसं इकडेतिकडे होईल. घातांकात झाली तर अडीच कोटींचे पंचवीस लाख होतात.

वजाबाकी शून्य आली तर गोंधळू नका. मंगळयान मोहिमेचा खर्च सुमारे ४५० कोटी, ४.५ आणि घातांक ९. २०११च्या जनगणनेनुसार आपण १२१ कोटी, १.२१ आणि घातांक ९. नऊतून नऊ गेले. दहाचा शून्यावा घात म्हणजे १. उरला नुसता अंकांचा भागाकार: माणशी ३ रुपये ७० पैसे.