‘मसाया’ कोणासाठी वाजला

एप्रिल १७३७, लंडन. संगीतकार जॉर्ज फ्रेडरिक हँडेलच्या उजव्या हाताला लकवा मारला. वय ५२. ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डवर ज्याच्या तोडीचे वादक युरोपात शोधूनही क्वचितच सापडले असते, त्याची बोटं हलेनात.

वेळही वाईट होती. जर्मनीतल्या हाले गावचा हा मुलगा. वडील शल्यवैद्य, पोराने वकील व्हावं ही त्यांची इच्छा. पोरगा मात्र इटलीत ऑपेरा शिकला आणि तो घेऊन लंडनला आला. पंचवीसेक वर्षं त्यावर नाव कमावलं. पण आता शहरात दोन ऑपेरा कंपन्या एकमेकींचे गायक पळवत होत्या. त्या चढाओढीत १७३७ साली दोघीही बुडाल्या.

हँडेल आखेनला गेला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. इतर रोग्यांच्या कितीतरी पट वेळ तो पाण्यात बसून राही, असं त्याच्या पहिल्या चरित्रकाराने लिहिलंय. काही आठवड्यांत हात परत आला. त्या वर्षाअखेर तो लंडनमध्ये पुन्हा लिहायला बसला होता.

पुढच्याच वर्षी, १७३८ मध्ये, एक लहानशी गोष्ट घडली. हँडेलच्या वाद्यवृंदात वाजवलेला एक ओबोवादक हलाखीत मेला होता. त्याची मुलं हेमार्केटच्या रस्त्यावर गाढवं हाकताना काही वादकांना दिसली. त्यातून वृद्ध आणि निराधार वादकांसाठी, त्यांच्या बायकामुलांसाठी एक निधी उभा राहिला. त्याच्या पहिल्या सभासदांत हँडेल होता. ती संस्था आजही काम करते आहे.

आता ‘मसाया’, म्हणजे बायबलमधल्या वचनांवर गायक आणि वाद्यवृंदासाठी रचलेली त्याची मोठी संगीतकृती. २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर १७४१, म्हणजे २४ दिवसांत त्याने तो लिहून काढला. या वेगाचं कौतुक नेहमी होतं. मला मात्र या रचनेने पहिल्याच दिवशी काय केलं, ते जास्त मोलाचं वाटतं.

१३ एप्रिल १७४२, डब्लिन, फिशॅम्बल स्ट्रीटवरचं संगीतगृह. मिळणारा पैसा तीन ठिकाणी वाटला जाणार होता: दोन रुग्णालयं, आणि कर्जापायी तुरुंगात पडलेली माणसं. त्या काळी कर्ज फेडता आलं नाही की आत टाकत. आत गेलेला माणूस कमावणार कसा आणि फेडणार कसा? त्यात तुरुंगाचा खर्चही त्याच्याच माथी. म्हणजे क्षुल्लक रकमेपायी माणसं आत कुजत. गर्दी मावावी म्हणून वर्तमानपत्रातून विनंती झाली: बायकांनी घेरदार झग्यांखालच्या कड्या घालू नयेत, पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात. सुमारे ७०० माणसं दाटीवाटीने बसली. त्या एका कार्यक्रमाच्या पैशातून १४२ कर्जदार सुटले.

तिथे सुझॅना सिबर गायली. ती नटी म्हणून गाजलेली. नवऱ्याने तिच्या प्रियकरावर खटला भरला होता आणि तिचं खासगी आयुष्य भर कोर्टात चघळलं गेलं होतं. लंडनची रंगभूमी सोडून ती दूर राहिली होती. हँडेलने तिला जे गाणं दिलं, ते लोकांनी तुच्छ लेखलेल्या, झिडकारलेल्या माणसाचं. ती गायली आणि प्रेक्षकांतले एक धर्मगुरू उठून उद्गारले, असं सांगतात, की बाई, या गाण्यासाठी तुझी सगळी पापं माफ होवोत. तिच्यावर तर अन्यायच झाला होता. माफी मागायची कोणी, हा प्रश्न उरतोच. पण त्या संध्याकाळी ती पुन्हा ताठ मानेने उभी राहिली.

लंडनने मात्र १७४३ मध्ये ‘मसाया’ला थंड प्रतिसाद दिला. बायबलमधले शब्द नाटकगृहात, नटनट्यांच्या तोंडी? अनेकांना ते रुचलं नाही. त्याला लंडनमध्ये खरं घर मिळालं ते एका अनाथाश्रमात.

थॉमस कोरम हा जहाजाचा कप्तान. रस्त्याकडेला टाकून दिलेली बाळं पाहून त्याने १७ वर्षं खेटे घातले, तेव्हा १७३९ साली फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमाला राजाची सनद मिळाली. जागा थोड्या, बाळं फार. म्हणून आईला एका पिशवीत हात घालायला सांगत. पांढरी गोटी निघाली तर बाळाला प्रवेश. लाल निघाली तर थांबायचं, एखादी जागा रिकामी झाली तर. काळी निघाली, की बाळ घेऊन परत फिरायचं. ज्या आया बाळ ठेवून जात, त्या ओळखीची खूण मागे ठेवत: अर्धं नाणं, बटण, फीत, कापडाचा तुकडा. कधी परत आलो तर आपलं मूल ओळखता यावं म्हणून. बहुतेकींना परत येता आलं नाही. त्या खुणा लंडनच्या संग्रहालयात आजही आहेत.

मे १७४९ मध्ये हँडेलने तिथल्या अर्धवट बांधलेल्या प्रार्थनागृहात कार्यक्रम केला. त्यासाठी लिहिलेल्या नव्या रचनेची सुरुवातच गरिबांची काळजी घेणाऱ्यांच्या गौरवाने होते. मग त्याने प्रार्थनागृहासाठी ऑर्गन दिला. १ मे १७५० रोजी ‘मसाया’ झाला, तेव्हा तिकीट असूनही कित्येकांना आत जागा मिळाली नाही. त्यांच्यासाठी पंधरवड्याने पुन्हा प्रयोग केला. पुढे दरवर्षी ‘मसाया’ होत राहिला आणि त्यातून आश्रमाला जवळपास ७००० पौंड मिळाले. हँडेलची करुणा अशी होती. तारीख ठरवायची, वादक गोळा करायचे, हिशेब आश्रमाच्या हाती द्यायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. याच हँडेलने तरुणपणी रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअर घेतले होते, आणि ही कंपनी माणसांचा गुलाम म्हणून व्यापार करायची. लंडनच्या बाळांपर्यंत पोचलेली त्याची करुणा त्या माणसांपर्यंत पोचली नाही. हे झाकून त्याचं मोठेपण सांगणं मला पटत नाही.

मग डोळे गेले. १३ फेब्रुवारी १७५१. ‘मसाया’सारख्याच ‘जेफ्था’ या गायनकृतीचं हस्तलिखित. देवाचे निर्णय किती गडद आहेत, माणसाच्या नजरेपासून ते लपलेले आहेत, असं समूहगान तो लिहीत होता. त्याच पानावर त्याने जर्मनमध्ये नोंद केली: डाव्या डोळ्यामुळे इथे थांबावं लागलं. दहा दिवसांनी, आपल्या वाढदिवशी, पुन्हा नोंद: थोडं बरं आहे. आणि काम पुढे सुरू. ‘जेफ्था’ ऑगस्टमध्ये पूर्ण झाला. शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही. १७५३ च्या सुरुवातीला तो पूर्ण आंधळा होता.

तरीही तो प्रयोगांत ऑर्गन वाजवायचा. वाद्यवृंद ठरलेला भाग वाजवून थांबे, मग हँडेल मनातून येईल ते वाजवी, आणि त्याने अखेरचा कंपस्वर घेतला की सगळे पुन्हा सुरू होत. त्याच्या लकव्याच्या वेळी जे झरे कामी आले, तसं इथे काही नव्हतं. होती ती साथीदारांची कान देऊन वाट पाहण्याची तयारी.

६ एप्रिल १७५९ रोजी ‘मसाया’च्या प्रयोगाला तो हजर होता. १४ तारखेला ब्रूक स्ट्रीटवरच्या घरी त्याने प्राण सोडला. मृत्युपत्रात वादकांच्या निधीला १००० पौंड होते, आणि अनाथाश्रमाला ‘मसाया’ची स्वच्छ प्रत, शिवाय प्रत्येक वादक-गायकाच्या भागाच्या नकला. म्हणजे तो नसला तरी आश्रमाला प्रयोग करता यावा. मे महिन्यात तिथे ‘मसाया’ ठरल्याप्रमाणे झाला. वाद्यवृंद त्याच्या सहायकाने सांभाळला.