घरी फोन करणारा खेळ

व्हिडिओ गेम म्हटला की तो पडद्यावर सुरू होतो आणि पडदा बंद केला की संपतो, असे आपण धरून चालतो. २००१ साली अमेरिकेत दोन खेळांनी हे गृहीतक मोडायचे ठरवले. त्यांतला एक फसला, दुसरा जमला. आणि जो जमला, तो जरा जास्तच जमला, असे माझे मत आहे.

फसलेला खेळ म्हणजे 'मॅजेस्टिक'. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मातबर कंपनीने तो जुलैअखेरीस आणला. नोंदणी करताना खेळाडू आपला फोन, फॅक्स आणि ईमेल देत असे. खेळ सुरू होतो न होतो तोच निरोप येई की, खेळ बनवणाऱ्या 'ॲनिम-एक्स' कंपनीच्या कार्यालयाला आग लागल्यामुळे सेवा स्थगित करण्यात आली आहे. ती आग हीच कथेची सुरुवात असे. मग सरकारी कटकारस्थानात सापडलेली पात्रे खेळाडूला फोन करीत, फॅक्स पाठवीत, चॅटवर गाठीत आणि हुबेहूब खऱ्यासारख्या संकेतस्थळांवर पुरावे शोधायला लावीत. मात्र कंपनीला वकिलांची धास्ती असावी, कारण फोनच्या आरंभी 'हा खेळाचा भाग आहे' अशी सूचना मागून घेण्याची सोय होती. म्हणजे लपाछपीत लपलेल्याने स्वतःच हाक मारून जागा सांगण्यासारखे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर खेळ काही काळ थांबवला गेला आणि २००२च्या एप्रिलअखेरीस कायमचा बंद झाला. अपयशाचे खापर अनेकदा त्या हल्ल्यांवर फोडले जाते, पण मला ते पुरेसे वाटत नाही. दिवसाचे काम उरकले की पुढचा निरोप येईपर्यंत खेळाडूला हात चोळत बसावे लागे, त्यासाठी दरमहा पैसे मोजावे लागत, आणि मुख्य म्हणजे धमकीचा फोन आला तरी तो बहुधा एकट्यालाच ऐकावा लागे.

दुसरा खेळ स्पीलबर्ग यांच्या 'ए. आय.' या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी मायक्रोसॉफ्टमधील मंडळींनी रचला होता. त्याला अधिकृत नावच नव्हते. 'द बीस्ट' हे नाव मागाहून रूढ झाले. चित्रपटाच्या ट्रेलर-पोस्टरवरील श्रेयनामावलीत जनीन साला नावाच्या एका बाईंचा उल्लेख होता आणि त्यांचा हुद्दा होता 'संवेदनशील यंत्रांच्या मानसोपचारतज्ज्ञ'. कुणीतरी कुतूहलाने ते नाव शोधले, आणि २१४२ सालातील एका खुनाची गोष्ट उलगडू लागली. हा खेळ आहे असे कुठेच सांगितलेले नव्हते, नोंदणी नव्हती, शुल्क नव्हते. कोडी मात्र इतकी निरनिराळ्या विद्यांची होती की एकट्यादुकट्याला ती सुटणे अशक्यच. म्हणून 'क्लाउडमेकर्स' नावाचा हजारो जणांचा गट इंटरनेटवर जमला. कुणी संकेतलिपी उलगडे, कुणी संगीत ओळखे, आणि आपल्या शंकेला दुजोरा देणारा कुणी ना कुणी सापडेच. खेळ आणि जगणे यांच्यातली रेघ फोनची घंटा पुसत नाही. सोबतची माणसे पुसतात.

खेळ जुलैमध्ये संपला, गट मात्र टिकून राहिला. दोनच महिन्यांनी जुळे मनोरे कोसळले, तेव्हा त्यातील काही सदस्यांनी गंभीरपणे सुचवले की या हल्ल्याचे कोडेही आपणच सोडवू. आपल्याजवळ माणसे आहेत, कौशल्य आहे, सवय आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा खेळ नव्हे, असे बजावून गटाच्या संचालकांना ती चर्चा थांबवावी लागली.