डेटाबेस कोणी अडवलाय? पोस्टग्रेसमधली कनेक्शन्स आणि लॉक्स

नमस्कार मंडळी. ऑफिसात कोणीतरी ओरडतं ना, "अरे सर्व्हर हँग झाला, रिस्टार्ट मार", तर आज त्याच्यावर बोलूया, कारण दहातल्या नऊ वेळा सर्व्हर मस्त चालू असतो, कोणीतरी लॉक, म्हणजे डेटावरचा तात्पुरता ताबा, धरून बसलेलं असतं आणि बाकीचे त्याच्या नावाने थांबलेले असतात.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. आंबा बागांचा नकाशा आहे, सर्व्हर रत्नागिरीत, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यात नकाशे ठेवायची जोड पोस्टजीआयएस, आणि देवगड, गुहागर, दापोली असे चारही बाजूंनी लोक क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडून एकाच टेबलावर बागांच्या हद्दी आखतायत. आता अ‍ॅडमिनला त्या टेबलात एक कॉलम वाढवायचाय, कलमांचं वय टाकायला. साधी अल्टर टेबल कमांड, कोणी वापरत नसलेल्या टेबलावर क्षणात होते. इथे ती मारली आणि पाच मिनिटं झाली तरी हलत नाही, वर देवगडवरनं फोन, "काय ओ, नकाशाच उघडत नाहीये".

असं का होतं ते नीट बघा. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही, दोघं एकाच ओळीत बदल करायला गेले तरच दुसरा थांबतो. पण तुम्ही नुसतं सिलेक्ट केलंत, म्हणजे डेटा वाचलात, तरी टेबलावर एक हलकं लॉक बसतं, अ‍ॅक्सेस शेअर नावाचं, आणि ते ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा कामांचा गठ्ठा) संपेपर्यंत सुटत नाही. अल्टर टेबलला लागतं अ‍ॅक्सेस एक्सक्ल्युझिव्ह, म्हणजे त्या क्षणी टेबलावर दुसरं कोणी म्हणता कोणी नको. टेबल-लेव्हलला एकूण 8 प्रकारची लॉक्स आहेत, पण ही दोन टोकं कळली की निम्मं काम झालं.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चिऱ्यांनी भरलेला ट्रक आलाय असं समजा, त्याला अख्खी बोट रिकामी पाहिजे. बोटीत एकच बाईकवाला उरलाय, फोनवर बोलत उभा, उतरतच नाही. ट्रक चढू शकत नाही ते ठीक, पण ट्रकच्या मागे लागलेल्या बाईकनाही जागा असून पुढे जाता येत नाही कारण लाईन ट्रकने धरलीये. अल्टर टेबल तसंच करतं, स्वतः थांबतं आणि मागून येणारं प्रत्येक साधं सिलेक्टसुद्धा थांबवतं. म्हणून देवगडचा नकाशा उघडत नाही.

(स्क्रीनवर क्वेरी)

आता हा बाईकवाला शोधायचा कसा. पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी नावाचा व्ह्यू, म्हणजे तयार यादी, आहे, त्यात प्रत्येक कनेक्शनची एक ओळ असते: पीआयडी (त्या कनेक्शनच्या प्रोसेसचा नंबर), युजर, कुठल्या आयपीवरनं आलाय, स्टेट काय, शेवटची क्वेरी कुठली. त्याच्या जोडीला पीजी-ब्लॉकिंग-पीआयडीज हे फंक्शन, 9.6 व्हर्जनपासून आहे, त्याला अडकलेल्याचा पीआयडी दिला की अडवणाऱ्यांचे पीआयडी मिळतात. लोक काय करतात, जो थांबलाय त्यालाच मारतात! तो बिचारा लाईनीत उभा आहे हो.

ही ओळ बघा. युजर गुहागरचा, स्टेट "आयडल इन ट्रान्झॅक्शन", ट्रान्झॅक्शन सुरू झालं 11:40 ला आणि आत्ता वाजलेत दोन. म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं आहे आणि हा काहीच करत नाहीये. क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्झॅक्शन ग्रुप्स चालू असतील तर पेन्सिल दाबून एडिटिंग सुरू केलं की ट्रान्झॅक्शन उघडतं आणि सेव्ह करून पेन्सिल बंद करेपर्यंत उघडंच राहतं. मग दादा पेन्सिल चालू ठेवून जेवायला गेले, मासे बिसे खाऊन जरा आडवे झाले, आणि इकडे चार तालुके ठप्प.

दुसरी भानगड पावसाळ्यातली. तिकडे लाईट गेली, राऊटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर पण नेटवर्क मेलेलं. सर्व्हरला "मी निघालो" असं कोणी सांगितलंच नाही, त्यामुळे तो त्या कनेक्शनला जिवंतच धरून चालतो, लॉकसकट. लिनक्सचं डिफॉल्ट कीपअलाइव्ह 7200 सेकंद आहे, म्हणजे समोरचा आहे की गेला हे विचारायलाच 2 तास जातात. पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये टीसीपी-कीपअलाइव्ह्ज-आयडल 60 वर आणा, आणि त्याच्या पुढची इंटरव्हल आणि काउंटची सेटिंग्जपण कमी करा. कोकणात सर्व्हर चालवताय तर हे पहिल्या दिवशी करायचं काम आहे, माझं स्पष्ट मत.

अडवणारा सापडला की आधी फोन करा. खरंच. कारण तोडलंत की त्याचं कमिट न झालेलं, म्हणजे पक्कं न झालेलं, सगळं रोलबॅक म्हणजे रद्द होणार, सकाळपासून आखलेल्या हद्दी गेल्या. फोन लागला नाही तर दोन फंक्शन्स आहेत. पीजी-कॅन्सल-बॅकएंड फक्त चालू क्वेरी थांबवतं, त्यामुळे आयडल इन ट्रान्झॅक्शनवाल्यावर ते काहीच करत नाही, चालू क्वेरीच नाहीये ना. तिथे पीजी-टर्मिनेट-बॅकएंड लागतं, ते कनेक्शनच तोडतं आणि लॉक सुटतं. पण लिनक्सवर जाऊन किल मायनस नाइन (प्रोसेस जबरदस्तीने मारणारी कमांड) मारू नका, एक बॅकएंड, म्हणजे एका कनेक्शनची प्रोसेस, असा मेला की पोस्टग्रेस बाकीच्या सगळ्यांची कनेक्शन्स तोडून रिकव्हरीला लागतं, एकाला उठवायला गेलात आणि सगळं घर जागं.

आधीच सोय करायची तर अल्टर टेबलच्या आधी त्याच सेशनमध्ये लॉक-टाइमआउट 5 सेकंद लावा, लॉक नाही मिळालं तर कमांड एरर देऊन बाजूला होते आणि मागची लाईन अडत नाही, नंतर परत मारायची. आयडल-इन-ट्रान्झॅक्शन-सेशन-टाइमआउट पण आहे, पण ते सरसकट 5 मिनिटं लावलंत तर हद्दी आखणारे लोक शिव्या देतील, त्यामुळे रोलप्रमाणे, म्हणजे डेटाबेसच्या युजरप्रमाणे, वेगळं ठेवा, एडिटिंगवाल्यांना अर्धा तास वगैरे. आणि कृपा करून सगळ्यांना पोस्टग्रेस नावाचा एकच सुपरयुजर (सगळे अधिकार असलेलं खातं) वाटू नका. एक तर कोण कुठला ते त्या व्ह्यूमध्ये कळत नाही, आणि मॅक्स-कनेक्शन्स डिफॉल्ट 100 असतात त्यातली 3 सुपरयुजरसाठी राखीव, तीही हेच लोक खाऊन टाकतात. मग "टू मेनी क्लायंट्स" आलं की तुम्हालाच आत शिरायला जागा नाही.

मोठं काम असेल, सगळ्यांनाच बाहेर ठेवायचं असेल, तर त्या डेटाबेसचं कनेक्शन लिमिट 0 करा. सुपरयुजरला ते लागू होत नाही, म्हणजे तुम्ही आत, बाकीचे बाहेर. पण आधीपासून जोडलेले त्याने तुटत नाहीत, त्यांना टर्मिनेटच करायला लागतं, आणि क्रम हाच ठेवा, आधी लिमिट मग टर्मिनेट, नाहीतर क्यूजीआयएस दोन सेकंदात परत जोडून घेतं. काम झालं की लिमिट मायनस 1 (म्हणजे मर्यादा नाही) करून मगच घरी जा, नाहीतर सकाळी पहिला फोन दापोलीवरनं.