आपलं किती फूट जाते?

[दृश्य : महालातली गल्ली, सकाळ. दारात नुकताच घातलेला सडा. मातीच्या भिंतीवर लाल रंगाची खूण.]

एरवी या गल्लीत सकाळी विचारतात, "काय काकाजी, चहा झाला का?" भिंतीवर रस्ता रुंदीकरणाची लाल खूण उमटली की प्रश्न बदलतो. "आपलं किती फूट जाते?"

हे महाल, नागपुरातली सगळ्यात जुनी वस्ती. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास बारा खेडी जोडून हे शहर वसवलं. त्याच्यानंतर चांद सुलतानाने तट बांधला, जुम्मा तलाव केला. त्या तलावाला आज आपण गांधीसागर म्हणतो, आणि जुम्मा दरवाजाला गांधी गेट. पुढे भोसले आले, वाडे उभे राहिले, देवळं झाली. भोसल्यांचा मोठा राजवाडा 1864 साली आगीत गेला. गल्ल्या मात्र तशाच राहिल्या, वळणं घेत, माणूस आणि बैलगाडी यांच्या मापाच्या.

[दृश्य : गांधी गेटखालून जाणाऱ्या दुचाकी, ऑटो, हातठेला. हॉर्नचा आवाज.]

आता या मापात काय काय बसवायचं? आग लागली तर बंब आत यायला हवा. बाळंतिणीला न्यायला गाडी दारापर्यंत यायला हवी. हे इथल्या लोकांना शिकवावं लागत नाही. रस्ता नकोच, असं म्हणणारा महालात क्वचितच भेटेल.

भांडण दुसरं आहे. विकास आराखड्यात रस्ता म्हणजे दोन समांतर रेघा. त्या जमिनीवर उतरतात तेव्हा कुणाच्या तरी ओसरीतून जातात. समोरचा भाग गेला की दुकान गेलं. मागे उरतं स्वयंपाकघर, मोरी आणि चार भावांमध्ये कधीच न झालेली वाटणी. केळीबाग रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललं, ते साऱ्या शहराने पाहिलं. म्हणून आजूबाजूच्या गल्ल्यांत मोजपट्टी दिसली, की पोटात गोळा येतो.

मोबदल्यात पैसे किंवा टीडीआर. टीडीआर म्हणजे गेलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क, जो दुसरीकडे वापरता येतो किंवा विकता येतो. बिल्डरला हे पटकन उमजतं. तर्री-पोह्याचा ठेला लावणाऱ्याला मात्र विचारावं लागतं, "भाऊ, हे बँकेत ठेवता येते का?" आणि तीन पिढ्यांच्या भाडेकरूचं तर आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या कागदावर, नावच नसतं.

[दृश्य : वाड्याची ओसरी. सतरंजीवर नकाशा, कोपऱ्यांवर दाबायला वाट्या ठेवलेल्या. बायका, म्हातारे, दोन कॉलेजची मुलं.]

या भाडेकरूसाठीच कायदा नीट वाचायला हवा. 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की हरकती आणि सूचना द्यायला तीस दिवस. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर कलम 37 खाली एक महिना. हरकत कोण घेऊ शकतो? कायदा म्हणतो, कोणतीही व्यक्ती. मालकच हवा, असं त्यात नाही. ओसरीवर हे वाक्य मोठ्याने वाचलं, की मागे बसलेल्या बायका पुढे सरकतात.

मसुद्यावरच्या हरकती ऐकते ती नियोजन समिती. तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले, जास्तीत जास्त चार जाणकार. ज्या गल्लीची सुनावणी, त्या गल्लीतलं कुणी त्यात असायलाच हवं, असा नियम नाही. आणि नोटीस छापली जाते राजपत्रात आणि वर्तमानपत्रातल्या बारीक टायपात. ती वाचून, समजून, शेजारच्याला सांगेपर्यंत महिना सरतो. मला विचाराल तर सगळी मेख इथेच आहे. आपल्याला विचारतात, पण रेघ ओढून झाल्यावर.

रहिवाशांचं मागणं तसं साधं आहे. रेघ ओढण्याआधी गल्लीत या. नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरात, चौकात लावा. 2009 च्या दुरुस्तीने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे त्या भागातल्या मतदारांची सभा आली, ती भरवा. कुणाचं घर किती उरेल, ते मोजून सांगा. उरलेल्या तुकड्यावर राहता येईल का, हेही सांगा.

[दृश्य : बुधवारीतली गल्ली, मारबतीची मिरवणूक. जुनी चित्रफीत.]

तसं हरकत घेणं या भागाला नवं नाही. मारबत म्हणजे इडा पीडा घालवायला मिरवणुकीने नेतात तो मोठा पुतळा. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं शहर याच अरुंद रस्त्यांवर उतरतं. सोबत बडगे असतात, म्हणजे वर्षभराच्या रागाचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, कुणाचीच गय नाही. फक्त बडग्याला, कचेरीत दिलेल्या अर्जाला मिळतो तसा, आवक क्रमांक मिळत नाही.

[दृश्य : पुन्हा ओसरी. मुलगी अर्ज लिहिते आहे, आजी सांगते आहे.]

म्हणून आता अर्ज. एका कागदावर शंभर सह्या घेण्यापेक्षा प्रत्येक घराचा वेगळा अर्ज, दोन प्रतींत. एक देऊन यायची, दुसरीवर शिक्का मारून आणायची. घर क्रमांक, किती माणसं, कोणता धंदा, किती फूट जाते.

आजी अडते. "मी तर भाडेकरू. काय लिहू?"

मुलगी वर न पाहता म्हणते, "राहते, असं लिहू. कधीपासून ते सांग."

[दृश्य : आजी बोटांवर वर्षं मोजते आहे. आवाज नाही.]